पत्रं लिहिणारे त्या दिवशी कुठे होते?

गेल्या महिन्यात एका उत्तरात ओघात लिहून गेलो की शिया पंथाची ओळख इराकमधल्या करबलाच्या लढाईत घडली. एकच वाक्य, पण त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा प्रश्न थोडा कापला असेल तर राग मानू नका.

प्रश्न : सर नमस्कार. जमल आणि सिफ्फीनच्या लढायांत करबलापेक्षा कितीतरी जास्त माणसं मेली, दोन्हीकडे मुसलमानच होते आणि तिथे तर स्वतः अली होते. मग शियांची ओळख त्या लढायांवरून न घडता सत्तर-बहात्तर माणसांच्या एका दिवसाच्या चकमकीवरून कशी घडली? मला तरी हे लॉजिक पटत नाही.

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आधी माझंच वाक्य दुरुस्त करतो, शिया करबलाच्या आधीपासून होते. शिया म्हणजे गट, बाजू घेणारे लोक, पूर्ण शब्द 'शिअत अली' म्हणजे अलींच्या बाजूचे. अली हे पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई. ६३२ मध्ये पैगंबर वारले, पुढे कोण यावर वाद झाला आणि अबू बक्र खलिफा झाले. अलींच्या बाजूच्यांचं म्हणणं असं की पैगंबरांनी त्याच वर्षी गदीर खुम इथे 'ज्याचा मी मौला त्याचा अली मौला' असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, म्हणजे विषय तिथेच संपला होता. सुन्नीही हे वाक्य नाकारत नाहीत बरं का, मौला म्हणजे वारसदार की जिवलग, भांडण त्यावर आहे. मग ६५६ मध्ये तिसरे खलिफा उस्मान यांचा मदिनेत खून झाला, अली चौथे खलिफा झाले, त्याच वर्षी बसऱ्याजवळ जमलची लढाई आणि पुढच्या वर्षी फुरात नदीच्या काठी सिफ्फीनला सीरियाचे सुभेदार मुआविया समोर. तिथे मुआवियांच्या सैनिकांनी भाल्यांना कुराण बांधून वर धरलं, लढाई थांबली, लवाद नेमला गेला, तो मान्य नाही म्हणून खारिजी फुटून निघाले आणि त्यांच्यातल्याच एकाने ६६१ मध्ये इराकमधल्या कुफा शहराच्या मशिदीत अलींवर तलवार चालवली.

आता फरक बघा. जमल, सिफ्फीन या सैन्याविरुद्ध सैन्य अशा लढाया होत्या, अलींची माणसं अलींबरोबर उभी होती. त्यात दुःख आहे, संताप आहे, पण लाज नाही. करबलात लाज आहे आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

झालं असं की ६८० मध्ये मुआविया वारले आणि मुलगा यझीद गादीवर आला. अलींचे धाकटे चिरंजीव, म्हणजे पैगंबरांचे नातू हुसैन, यांनी त्याला बैअत म्हणजे निष्ठेची शपथ द्यायला नकार दिला आणि मदिना सोडून मक्केला आले. तिथे कुफ्याहून पत्रांवर पत्रं यायला लागली, या, आम्हाला इमाम म्हणजे पुढारी नाही, आम्ही तुमच्या मागे आहोत. हुसैननी खात्री करायला चुलतभाऊ मुस्लिम बिन अकील यांना पुढे पाठवलं. जुने इतिहासकार सांगतात की १८,००० जणांनी मुस्लिमच्या हातावर शपथ घेतली. मग यझीदने उबैदुल्ला इब्न झियादला कुफ्याचा सुभेदार करून पाठवलं, त्याने टोळ्यांच्या प्रमुखांना धरलं, कुणाला पैसा, कुणाला धाक, आणि शहर पालटलं. मुस्लिम बिन अकील संध्याकाळच्या नमाजाला उभे राहिले तेव्हा मागे थोडी माणसं होती, मशिदीतून बाहेर पडेपर्यंत रस्ता दाखवायलाही कुणी उरलं नव्हतं. गल्ल्यांत भटकताना एका म्हातारीने पाणी दिलं, घरात घेतलं. दुसऱ्या दिवशी पकडून मारलं.

हुसैन तोवर मक्केहून निघाले होते. वाटेत कवी फरझदक भेटला, त्याला विचारलं लोकांचं काय, तर तो म्हणाला त्यांची मनं तुमच्याबरोबर आहेत आणि तलवारी उमय्यांबरोबर (उमय्या म्हणजे मुआविया-यझीदचं घराणं). कुफ्याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. मोहरमच्या २ तारखेला हुसैनना करबलाच्या माळावर थांबवलं गेलं, ७ तारखेला नदीचं पाणी तोडलं, १० तारखेला म्हणजे १० ऑक्टोबर ६८० ला सगळं संपलं. परंपरेने हुसैनच्या बाजूचा आकडा ७२ धरतात, समोर उमर बिन सादचं ४,००० चं सैन्य. आणि हे सैन्य दमास्कसहून आलं नव्हतं हो, कुफ्याहून आलं होतं. ज्या गावाने पत्रं लिहिली त्याच गावाने. पाहुण्याला आपणच आवतण द्यायचं आणि तो दाराशी आला की कडी लावून घ्यायची, वर खिडकीतून त्याला मारलेलं बघायचं, असं ज्या गावाने केलं ते पुढे शांत झोपेल का?

नाही झोपलं. चारच वर्षांनी, ६८४ मध्ये, कुफ्यातली वयस्कर मंडळी सुलेमान बिन सुरदच्या मागे जमली. स्वतःला तव्वाबून म्हणवत, म्हणजे पश्चात्ताप करणारे. नावनोंदणी १६,००० ची, प्रत्यक्ष आले साधारण ४,००० (कुफा शेवटी कुफाच). ते आधी हुसैनच्या कबरीवर गेले, रात्रंदिवस रडले आणि मग सीरियाच्या सैन्यावर चालून गेले, ६८५ च्या सुरुवातीला ऐन अल-वर्दा इथे बहुतेक सगळे मेले. जिंकायचा प्लॅन असा काही दिसतच नाही. कुराणात मूसांच्या (म्हणजे मोझेसच्या) लोकांना वासराच्या पूजेबद्दल जी प्राण देऊन करायची तौबा, म्हणजे पश्चात्ताप, सांगितलीय तिचा दाखला ते देत होते. एका राजकीय गटाचा धार्मिक समाज होताना बघायचा असेल तर मी तरी या कबरीवरच्या रात्रीकडे बोट दाखवीन. आजही शिया जियारतीच्या, म्हणजे कबरीच्या दर्शनाच्या, प्रार्थनेत 'या लैतना कुन्ना मअकुम' म्हणतात, म्हणजे आम्ही तुमच्याबरोबर असतो तर. हे वाक्य आधी कुणाचं असणार ते तुम्हीच बघा.

प्रश्न : मोठ्या भावाने, हसननी, मुआवियांशी तह केला आणि धाकट्याने लढून मरण पत्करलं. मग शिया दोघांनाही इमाम कसं मानतात? एक तर बरोबर असेल ना?

हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला होता. ६६१ मध्ये हसननी तह केला तेव्हा त्यांच्याच काही माणसांनी त्यांना तोंडावर टोचून बोललं होतं. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हसन ६७० च्या सुमारास वारले आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं हुसैननीसुद्धा तो तह पाळला. मुआविया जिवंत असेपर्यंत ते उठले नाहीत. म्हणजे एक मवाळ आणि एक जहाल अशी जी जोडी आपण डोक्यात करून ठेवतो ती खरी नाही.

शिया परंपरेत पैगंबरांचं एक वचन सांगतात की हसन आणि हुसैन दोघं इमाम आहेत, उभे राहोत वा बसोत. उभं राहणं म्हणजे उठाव, बसणं म्हणजे गप्प राहणं. इमाम उठला म्हणून इमाम होत नाही आणि बसला म्हणून त्याचं इमामपण जात नाही. वाक्य छोटं आहे पण पुढच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : करबलानंतर एकाही इमामाच्या हातात राज्य आलं नाही असं तुम्ही लिहिता. मग ते इमाम कसले? नुसते मानाचे?

करबलाचा सगळ्यात मोठा वैचारिक परिणाम कुठला असं विचारलं तर मी हाच सांगेन, रडणं-मातम नंतर.

हुसैनचे चिरंजीव अली झैनुल आबिदीन करबलात होते, पण तापाने फणफणलेले, म्हणून वाचले. बापाचं मस्तक भाल्यावर बघितलेला हा माणूस पुढे तीस वर्षांहून जास्त मदिनेत राहिला आणि एकाही बंडात पडला नाही. त्यांच्या नावाने प्रार्थनांचा एक संग्रह आहे, सहीफा सज्जादिया, शिया घरांत आजही वाचतात. त्यांचे चिरंजीव मुहंमद बाकिर आणि नातू जाफर सादिक यांनी शिकवायचं काम धरलं, आणि शियांचा जो कायदा आज आहे त्याला जाफरी म्हणतात तो या जाफर सादिकांच्या नावावरून. त्यांच्या काळात विचार पक्का झाला तो असा की इमाम हा आधीच्या इमामाने नेमलेला असतो, त्याला नस म्हणतात, आणि त्याच्याकडे धर्माचं खास ज्ञान असतं. राज्य असो वा नसो, इमाम तो इमामच. हक्काचं राज्य कुणीतरी बळकावलंय एवढंच. उघड बोलणं जिवावर बेतत असेल तर श्रद्धा लपवायची मुभा, तकिया, तिलाही याच परिस्थितीत महत्त्व आलं.

बरं सगळ्यांना हे पटलं असंही नाही. मुख्तारने ६८५ मध्ये कुफा ताब्यात घेऊन करबलाच्या मारेकऱ्यांना शोधून शोधून मारलं, इब्न झियादसुद्धा त्याच्याच सैन्याच्या हातून मेला. ७४० मध्ये हुसैनचे नातू झैद कुफ्यातच उठले, परत तेच, शपथ घेणारे हजारो आणि ऐनवेळी आलेले थोडे. त्यांना मानणारे झैदी म्हणतात की घरात बसून राहतो तो इमाम कसला, तलवार घेऊन उभा राहील तोच इमाम. यमनमध्ये झैदी इमामांची परंपरा ८९७ पासून १९६२ पर्यंत चालली. म्हणजे तुमचा प्रश्न झैदींनी तेव्हाच विचारला होता, तुम्ही चांगल्या कंपनीत आहात!

यातला माझा आवडता प्रसंग मात्र पत्राचाच आहे. उमय्यांची सत्ता कोसळत होती तेव्हा, ७४९ च्या सुमाराला, अबू सलमा नावाच्या पुढाऱ्याने जाफर सादिकांना पत्र पाठवलं, या, सत्ता घ्या. आणि हे पत्र कुठून आलं? कुफ्याहून. इतिहासकार सांगतात, जाफर सादिकांनी दिवा मागवला, पत्र ज्योतीवर धरलं आणि आणणाऱ्याला म्हणाले की जे बघितलंस तेच तुझ्या मालकाला उत्तर म्हणून सांग. पणजोबांना कुफ्याच्या पत्रांनी कुठे नेलं हे या घराला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. सत्ता गेली अब्बासी घराण्याकडे आणि त्यांनीही पुढे या घराला सुखाने जगू दिलं नाही, त्यांच्यातल्या खलिफा मुतवक्किलने तर ८५० च्या सुमारास हुसैनची कबरच जमीनदोस्त केली.

राज्यावाचूनचा इमाम चालतो हे एकदा मान्य झालं की पुढची पायरी सोपी होते. ८७४ मध्ये अकरावे इमाम समर्रा इथे वारले, बारावे इमाम लोकांच्या नजरेआड आहेत आणि परत येतील अशी श्रद्धा बारा इमाम मानणाऱ्यांची आहे, त्याला गैबत म्हणतात, ९४१ पासून तर मोठी गैबत, इमाम आणि लोक यांच्यामधला वकीलही नाही. ते येतील तेव्हा हुसैनच्या रक्ताचा हिशोब मागतील असंही मानतात, म्हणजे भूतकाळातला करबला आणि शेवटचा दिवस एकाच धाग्यात ओवलेले.

प्रश्न : या सगळ्या कथेत बायका कुठे आहेत? की नेहमीप्रमाणे तंबूतच?

तंबूतून बाहेर काढून कैदी म्हणून नेलेल्या आहेत, आणि कथा आपल्यापर्यंत पोचली ती त्यांच्यामुळेच असं शिया मानतात. हुसैनच्या बहिणीला, झैनबना, मस्तकांबरोबर आधी कुफ्यात आणि मग दमास्कसला यझीदच्या दरबारात नेलं. कुफ्याचे लोक त्यांना बघून रडायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, रडताय? तुमचे अश्रू कधीच सुकू नयेत. हा शाप होता. गंमत म्हणा किंवा काय म्हणा, शियांनी तो शाप अंगाला लावून घेतला आणि त्याचीच पूजा केली. दरबारात यझीदसमोर त्यांनी जे सुनावलं ते मजलिशीत म्हणजे शोकसभेत आजही सांगतात, पाठ असतं लोकांना. त्यांची कबर दमास्कसजवळ आहे असं मानतात, कैरोवालेही म्हणतात आमच्याकडे आहे. लढाई पुरुषांनी हरली आणि तिचा अर्थ एका बाईने लावला, मला तरी असंच दिसतं.

प्रश्न : हुसैनना आपलं मरण आधीच ठाऊक होतं म्हणतात. मग बायकामुलं घेऊन तिथे जाणं ही आत्महत्या नाही का? राग मानू नये.

राग कशाला, हजार वर्षं शिया विद्वानच यावर डोकं खाजवतायत. अकराव्या शतकात बगदादचे शरीफ मुर्तझा हे फार मोठे शिया विद्वान, त्यांचं म्हणणं साधारण असं की हुसैन हिशोब करून निघाले होते, पत्रं होती, शपथा होत्या, यश मिळण्यासारखं होतं, कुफा उलटला तेव्हा परत जायची तयारीही त्यांनी दाखवली पण जाऊ दिलं नाही. दोनशे वर्षांनी इब्न ताऊस म्हणतात की सगळं ठाऊक होतं आणि शहादत हीच इच्छा होती, आणि लोकांच्या मनात हेच जास्त रुजलं. यात नुसता इतिहास नाहीये. पहिलं खरं असेल तर करबला हा फसलेला राजकीय प्रयत्न, म्हणजे तसा प्रयत्न परत करता येतो. दुसरं खरं असेल तर ते ईश्वरी रहस्य, आपण फक्त रडायचं. १९७० च्या आसपास इराणमध्ये एका मौलवींनी पहिल्या बाजूने पुस्तक लिहिलं तर केवढं रान उठलं होतं.

माझं विचाराल तर वाटेत परत फिरायची बोलणी, पाण्यासाठी धडपड, हे वाचताना मला मरायला निघालेला माणूस दिसत नाही, नमायला तयार नसलेला माणूस दिसतो. पण मी इमामांच्या ज्ञानावर श्रद्धा ठेवणारा नाही, त्यामुळे माझ्या मताला तेवढंच वजन द्या.

प्रश्न : सुन्नी मग हुसैनना मानत नाहीत का?

मानतात हो! पैगंबरांचा लाडका नातू आहे, न मानून कसं चालेल. सुन्नी १० मोहरमला रोजा ठेवतात तो मूसांची फिरऔनपासून सुटका झाली त्या आठवणीचा. यझीदला शाप द्यावा की नाही यावर सुन्नी विद्वानांत जुना वाद आहे, गझाली म्हणाले देऊ नका, इब्न अल-जौझींनी द्यावा म्हणून पुस्तकच लिहिलं. फरक कशात आहे, तर सुन्नींसाठी करबला ही इतिहासातली भयंकर घटना आहे आणि शियांसाठी त्या चष्म्यातून बाकीचा सगळा इतिहास बघायचा असतो.

प्रश्न : छाती पिटणं, साखळ्या मारून रक्त काढणं, हे सगळं धर्मात सांगितलंय का?

रडण्याबद्दल इमामांची वचनं भरपूर आहेत, बाकीचं हळूहळू जमत गेलं. रस्त्यावर उघड शोक करायची पहिली ठळक नोंद ९६३ ची, बगदादमध्ये बुवैही सत्ताधीश मुइझ्झुद्दौलाने आशुराला, म्हणजे १० मोहरमला, बाजार बंद ठेवायला लावले आणि बायका केस मोकळे सोडून रस्त्याने रडत निघाल्या. १५०१ ला सफवींनी इराणात शिया पंथ राजधर्म केला, मग तर कथेकऱ्यांच्या मजलिशी आणि करबलाची नाटकं सगळं बहरलं. डोक्यावर तलवार मारून घेण्याला शिया धर्मगुरूंचाच विरोध झालाय, १९२० च्या दशकात मोहसिन अल-अमीन यांनी विरोध केला तर त्यांनाच लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या, १९९४ मध्ये इराणच्या खामेनींनी मनाई केली. तरी काही ठिकाणी चालूच आहे.

प्रश्न : इराणच्या क्रांतीत करबलाचा खरंच हात होता की नंतर चिकटवलेली गोष्ट?

होता. ३ जून १९६३, आशुराचा दिवस, धर्मगुरू खोमेनींनी कोम शहरात भाषण केलं आणि शहाच्या राजवटीची तुलना यझीदशी केली, दोन दिवसांनी अटक झाली. १९७० च्या दशकात विचारवंत अली शरियती तरुणांना सांगत होते की सफवींनी रडण्याचा काळा शियापंथ आणला, खरा आहे तो शहादतीचा लाल. आणि १०-११ डिसेंबर १९७८ ला, ९ आणि १० मोहरमला, प्रचंड मोर्चे निघाले, पुढच्या महिन्यात १६ जानेवारीला शहा देश सोडून गेला. 'रोज आशुरा, प्रत्येक भूमी करबला' ही घोषणा तेव्हाची गाजलेली. शेकडो वर्षं जी कथा लोकांना गप्प बसून रडायला सांगत होती तीच उठा म्हणायला लागली, कथेतला एक शब्दही न बदलता. इराकमध्ये सद्दामला याचीच धास्ती होती, नजफ ते करबला ही साधारण ८० किलोमीटरची अरबईनची (आशुरानंतरच्या चाळिसाव्या दिवसाची) पायी वारी त्याने दाबून ठेवली होती, २००३ नंतर ती सुरू झाली आणि आता लाखोंच्या लाखो चालतात.

प्रश्न : करबलातल्या त्या ४,००० सैनिकांमधून एकजणही हुसैनकडे आला नाही का?

आला, आणि त्यात सगळ्यात मोठं नाव हुर्र बिन यझीद. (हा यझीद वेगळा, गोंधळ नको.) हुसैनचा रस्ता अडवणारा हाच अधिकारी, यानेच त्यांना करबलाकडे वळायला लावलं होतं. १० तारखेच्या सकाळी त्याने उमर बिन सादला विचारलं की खरंच या माणसाशी लढणार आहात का, हो म्हटल्यावर घोडा हळूहळू बाजूला घेत गेला. बाजूच्या माणसाने पाहिलं तर याचं अंग थरथरत होतं, तो म्हणाला तुझ्यासारख्या शूराला काय झालं, तर हुर्र म्हणाला मी स्वर्ग आणि नरक यातलं एक निवडतोय. मग टाच मारली आणि हुसैनसमोर जाऊन विचारलं, माझी तौबा कबूल होईल का? होईल म्हणाले. थोड्याच वेळात तो लढताना मेला. अरबीत हुर्र म्हणजे स्वतंत्र, आणि हुसैन त्याला म्हणाले की आईने नाव ठेवलं तसाच आहेस.

त्याची कबर हुसैनच्या दर्ग्यात नाही, करबला शहराबाहेर थोड्या अंतरावर वेगळी आहे. जियारतीला आलेले बरेच जण वाट वाकडी करून तिथेही जातात.